पार जाणारी क्रियापदं

‘ट्रान्झिटिव्ह म्हणजे सकर्मक’ एवढं फळ्यावर लिहून आमचे इंग्रजीचे सर पुढच्या धड्याकडे वळत. वर्गापुरतं ते बरोबरच होतं. पण या दोन शब्दांची कुळं अगदी निराळी.

ट्रान्झिटिव्हच्या पोटात ‘पार जाणे’ हा लॅटिन धातू आहे. क्रिया कर्त्यापाशी सुरू होते आणि ओलांडून दुसऱ्यापर्यंत पोचते, ही कल्पना दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या अपोलोनिअस डिस्कोलसने ग्रीक भाषेसाठी मांडली. सहाव्या शतकाच्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलमध्ये लॅटिन शिकवणाऱ्या प्रिशियनने ती आपल्या १८ खंडांच्या व्याकरणात घेतली, आणि मध्ययुगभर युरोप तेच व्याकरण घोकत राहिला. इंग्रजीने हा साचा तसाच उचलला. १७६२च्या रॉबर्ट लोथच्या व्याकरणात मात्र अकर्मकाला ‘न्यूटर’ हेही नाव आहे : ना कर्तरी, ना कर्मणी. बिचारं झोपणं!

पाणिनीच्या सूत्रांत सकर्मक-अकर्मक हे दोन्ही शब्द आहेत, पण तिथे काही ओलांडायचं नसतं. कर्त्याला सर्वांत हवंसं जे, ते कर्म. मग विष खाणाऱ्याचं काय? नको असलेलंही कर्म होतं, असं पुढचंच सूत्र सांगतं. लॅटिनवाल्यांनी वाट पाहिली, पाणिनीने मन पाहिलं. मला दुसरं जास्त आवडतं.

इंग्रजीची खरी गंमत नावांत नाही, जोड्यांत आहे. फार पूर्वी जर्मानिक भाषांत धातूला एक प्रत्यय लावून करायला लावणारं क्रियापद घडवत. फॉल म्हणजे पडणे, फेल म्हणजे झाड पाडणे. सिट-सेट, राइज-रेझ हीही त्यातलीच भावंडं. आपलं पडणे-पाडणे, मरणे-मारणे कानात असलेल्याला हे समजवावं लागत नाही. पुढे तो प्रत्यय झिजून गेला आणि इंग्रजी एकाच शब्दावर भागवू लागली : दार ‘ओपन’ होतं आणि आपण दार ‘ओपन’ करतो. उरलेल्या जोड्यांत लाय-लेची तर खिचडीच झाली, कारण लायचा भूतकाळही ‘ले’च. इंग्रजही तिथे अडखळतात.

ड्रिंकचं असंच भावंड ड्रेंच, म्हणजे पाजणे. हल्ली माणसं पावसात ड्रेंच होतात. गुरांच्या डॉक्टरांकडे मात्र जनावराला औषध पाजणं हे अजूनही ड्रेंचिंगच आहे.