आयर्लंडमधील ग्रामीण सायकलमार्ग

आयर्लंड बेटाच्या अंतर्भागातील व किनाऱ्याजवळच्या लहान डांबरी रस्त्यांवरून आखलेले, रोड सायकलींच्या भ्रमंतीसाठी आणि शर्यतींसाठी वापरले जाणारे मार्ग. यांपैकी फारच थोडे रस्ते सायकलींसाठी म्हणून बांधले गेले. शेते, चर्च, दूध संकलनाची क्रीमरी आणि बाजाराची गावे एकमेकांना जोडण्यासाठी जे अरुंद रस्ते झाले, त्यांवरच सायकलस्वारांनी आपापले फेरे बसवले. आयर्लंड प्रजासत्ताकात सुमारे १ लाख किमी. लांबीचे रस्ते असून त्यांतील साधारण चार-पंचमांश स्थानिक दर्जाचे आहेत. त्यांच्या क्रमांकाआधी ‘एल’ हे अक्षर असते. त्यांवरच्या दर्जाचे प्रादेशिक रस्ते ‘आर’, तर राष्ट्रीय महामार्ग ‘एन’ अक्षराने ओळखतात. ‘एम’ मोटरवेवर सायकलींना बंदी आहे. तरी या मोटरवेंचा सायकलस्वारांना एक फायदाच झाला : मोटरवे झाल्यावर जुने महामार्ग ‘आर’ दर्जाला उतरले आणि त्यांच्या कडेचे रुंद पट्टे मोकळे मिळाले. डब्लिन–कॉर्क जुन्या रस्त्याचा कॉर्ककडील भाग आज आर ६३९ म्हणून ओळखला जातो. लांब पल्ला झटपट कापायचा असेल तर तो सोयीचा आहे. मात्र या देशातले खरे सायकलिंग ‘एल’ रस्त्यांवरच होते.

भूरचना : बेटाचा मध्यभाग चुनखडकाचा, सखल आणि डोंगर बहुतेक कडेकडेने, अशी आयर्लंडची ठेवण आहे. नकाशावर मध्यभाग सपाट वाटतो, पण सायकलवरून तो तसा जाणवत नाही. शेवटच्या हिमयुगात सरकत्या बर्फाने आपल्याखालची माती-खडी लांबट टेकाडांच्या रूपात मागे ठेवली. या टेकाडांना ड्रमलिन म्हणतात. पश्चिमेच्या क्लू उपसागरापासून पूर्वेच्या स्ट्रँगफर्ड लॉखपर्यंत त्यांचा पट्टा पसरला असून कॅव्हन आणि मॉनहन हे परगणे जवळजवळ पूर्णपणे त्यात मोडतात. एकेक टेकाड जेमतेम २०–४० मी. उंच, पण जुने रस्ते त्याला वळसा घालतातच असे नाही. कित्येकदा ते नाकासमोर माथ्यावर चढतात आणि पलीकडे तसेच खाली उतरतात. वाईहून पसरणी घाटाने पाचगणी गाठणाऱ्याला एक सलग चढ मिळतो. त्यात एक गिअर धरून लय लावता येते. ड्रमलिनच्या मुलखात ही लय लागतच नाही. दर मिनिटा-दोन मिनिटांनी गिअर बदलावा लागतो, उतारावर मिळवलेला वेग पुढच्या चढाच्या निम्म्यातच संपतो आणि शंभर किमी.च्या फेरीत एकही नाव घेण्याजोगा डोंगर नसताना एकूण चढ हजार मीटरच्या आसपास सहज जातो. आयरिश मार्गांचा कस उंचीत नसून या पुनरावृत्तीत आहे. केवळ सर्वोच्च खिंडींच्या आकड्यांवरून त्यांची पारख करणे चुकीचे ठरते.

मध्यभागातील पीटच्या दलदलीवरून गेलेल्या रस्त्यांची गोष्ट आणखी वेगळी आहे. खालची ओली, मऊ जमीन वाहनांच्या भाराने कमी-जास्त दबते आणि सरळ दिसणारा रस्ता लाटांसारखा खालीवर होतो. अशा रस्त्यावर वेगात बसून राहणे कठीण असते.

विकलो डोंगर आणि लष्करी रस्ता : डब्लिनच्या दक्षिणेस, शहराच्या अगदी वेशीपासून सुरू होणारा विकलोचा ग्रॅनाइटचा डोंगराळ प्रदेश हे आयरिश सायकलिंगचे जुने माहेरघर. येथील मुख्य रस्त्याचा जन्म बंडातून झाला. १७९८ चा उठाव मोडल्यावरही मायकेल ड्वायर आणि त्याचे साथीदार या डोंगरांत लपून लढत राहिले. सैन्याला तेथे पोहोचता यावे म्हणून ब्रिटिश सरकारने १८०० मध्ये रस्ता बांधायला घेतला. तो १८०९ मध्ये पूर्ण झाला. ड्वायर १८०३ मध्येच शरण आला होता, त्यामुळे ज्या कामासाठी रस्ता आखला ते काम तो पुरा होण्याआधीच संपले होते. रॅथफार्नमहून निघून ग्लेनक्री, सॅली गॅप, लॅरा, ड्रमगॉफ या क्रमाने तो आखाव्हॅनापर्यंत जातो. तोफा आणि रसद वाहून नेता यावी अशा बेताने आखणी झाल्याने त्याचा उत्तरेकडील चढ लांब पण बराचसा एकसारखा आहे. सॅली गॅप ही सुमारे ५०० मी. उंचीवरील चौफुली. आसपास झाड नाही, घर नाही; तपकिरी दलदल आणि हेदरची झुडपे. लिफी नदी जवळच उगम पावते. तेथून लॅराकडे उतरताना ग्लेनमॅकनास धबधब्याशी रस्ता एकदम दरीत शिरतो.

लॅरा ते ड्रमगॉफ हा तुकडा छोटा, पण सर्वांत खडा. त्याच्या माथ्यावर शे एलियट यांचे स्मारक आहे. १९६३ मध्ये टूर द फ्रान्समध्ये पिवळी जर्सी अंगावर घालणारे ते पहिले आयरिश सायकलपटू. आज हा चढ त्यांच्याच नावाने ओळखला जातो. ज्या रस्त्यावर स्वाराला धाप लागते, तेथेच आधीच्या स्वाराचे नाव कोरलेले असणे हा स्मरणाचा फार योग्य प्रकार आहे.

शूर नदीचे खोरे : विकलोला शहराचा शेजार आहे, तर आग्नेयेकडील वॉटरफर्ड–टिपरेरी सीमेवरच्या कॅरिक-ऑन-शूर या लहान गावाला सायकलपटू शॉन केली यांचा वारसा. शेतकरी कुटुंबात वाढलेल्या केली यांनी १९८२ ते १९८८ अशी सलग सात वर्षे पॅरिस–नीस शर्यत जिंकली, १९८८ मध्ये स्पेनची व्हुएल्टा शर्यत जिंकली आणि टूर द फ्रान्सची गुणांसाठीची हिरवी जर्सी चार वेळा मिळवली. गावातल्या चौकाला त्यांचे नाव आहे. २०२० मध्ये हिरवी जर्सी जिंकणारे सॅम बेनेट हेही याच गावात वाढले. गावाभोवतीचे रस्ते पाहिले की या परंपरेचा उलगडा होतो. सेस्किन हिल हा छोटा पण अंगावर येणारा चढ जवळच आहे, कॉमरा डोंगराच्या पायथ्याने माहोन धबधब्याकडे जाणारे रस्ते आहेत आणि थोडे पश्चिमेला क्लोहीन ते लिस्मोर ‘व्ही’ नावाचा घाट आहे. नॉकमील्डाउन डोंगरातला हा घाट इंग्रजी व्ही अक्षरासारख्या तीव्र वळणाने चढतो. चढ लांब पण बेताचा. मेअखेर ते जूनमध्ये दोन्ही अंगांना रोडोडेंड्रॉनची जांभळी फुले दाटतात. दिसायला देखण्या या झुडपाने तेथील मूळच्या वनस्पतींना मात्र हटवले आहे. १९९८ मध्ये टूर द फ्रान्सची सुरुवात डब्लिनमध्ये झाली, तेव्हा एनिस्कॉर्थी–कॉर्क टप्पा कॅरिकमधून नेण्यात आला.

पश्चिमेकडील केरी, कॉर्क व डनिगॉलमधील मार्ग पर्यटकांना अधिक परिचित आहेत. बेरा द्वीपकल्पातील हीली खिंडीच्या रस्त्याचे काम १८४७ मध्ये, बटाट्याच्या दुष्काळात, उपाशी लोकांना मजुरी देण्यासाठी सुरू झाले.

सीमाभाग : लीट्रिम, कॅव्हन, मॉनहन आणि उत्तर आयर्लंडमधील फरमॅना यांतून फिरणारा किंगफिशर ट्रेल हा बेटावरील पहिला दीर्घ पल्ल्याचा सायकलमार्ग. सरोवरे आणि ड्रमलिन यांच्यातून तो सीमा पुन्हा पुन्हा ओलांडतो. उत्तर आयर्लंडमधील सशस्त्र संघर्षाच्या काळात सीमेवरचे अनेक लहान रस्ते ब्रिटिश लष्कराने काँक्रीटचे अडथळे टाकून किंवा स्फोटाने खड्डे पाडून बंद केले होते. शेजारच्या शेतात जायला लोकांना मैलोगणती वळसा पडे. १९९० च्या दशकात ते पुन्हा खुले झाले. आता सीमा ओलांडल्याचे कळते ते कडेच्या रेषेवरून : प्रजासत्ताकात ती पिवळी, उत्तरेत पांढरी, आणि वेगमर्यादेचे आकडे किमी.ऐवजी मैलांत येतात.

रस्ता, कुंपण, हवामान : स्थानिक रस्ता बहुधा एका मोटारीपुरता रुंद असतो. कित्येकांच्या मधोमध गवताची पट्टी उगवते आणि स्वाराला डाव्या-उजव्या चाकोरीपैकी एक धरून चालावे लागते. पृष्ठभाग गुळगुळीत डांबराचा नसून वरून बारीक खडी दाबून बसवलेला असतो. त्यामुळे हात सतत थरथरतात. म्हणून अनेकजण २८ ते ३२ मिमी. रुंदीचे टायर पसंत करतात. दोन्ही बाजूंना हॉथॉर्न आणि ब्लॅकथॉर्नची उंच कुंपणे. पक्ष्यांच्या विणीच्या काळात, १ मार्च ते ३१ ऑगस्ट, ती छाटण्यास कायद्याने बंदी आहे. सप्टेंबरपासून ट्रॅक्टरला लावलेले यंत्र कुंपण छाटत निघते आणि काटे रस्त्यावर विखुरतात. ओल्या टायरला ते चटकन चिकटतात. ब्लॅकथॉर्नचा काटा ट्यूबपर्यंत जातो, आणि तो टायरच्या आतून बोटाने चाचपून काढल्याशिवाय नवी ट्यूब घालणे व्यर्थ ठरते. मे-जूनमध्ये गवत कापून साठवण्याच्या हंगामात याच रस्त्यांवर मोठे ट्रॅक्टर-ट्रॉली धावतात. आंधळ्या वळणावर खरा धोका त्यांचाच. फेब्रुवारी २०२५ पासून स्थानिक ग्रामीण रस्त्यांची सर्वसाधारण वेगमर्यादा ताशी ८० वरून ६० किमी.वर आणली गेली. हा निर्णय फार आधीच व्हायला हवा होता. वाहतूक भारताप्रमाणेच डाव्या बाजूने चालते.

पूर्व व आग्नेय किनाऱ्यावर वर्षाकाठी सुमारे १५० दिवस, तर पश्चिमेच्या काही भागांत सुमारे २२५ दिवस पाऊस पडतो. जोर मुंबईच्या पावसाचा नसतो, पण भुरभुर तासन्‌तास टिकते. हिवाळ्यातील रविवारच्या सामूहिक फेरीला, जिला तेथे ‘स्पिन’ म्हणतात, पूर्ण लांबीचे मडगार्ड लावून यावे असा अनेक क्लबांचा आग्रह असतो. मागच्याच्या तोंडावर चिखल-शेणाचे पाणी उडू नये हा हेतू. वारा बहुतांशी नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून जाणकार मंडळी फेरी आखताना पहिला निम्मा भाग वाऱ्याच्या तोंडावर ठेवतात, म्हणजे दमल्यावर तो पाठीशी येतो. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो.

हरितमार्ग : बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर अलीकडे मोटारमुक्त मार्ग झाले आहेत. वेस्टपोर्ट–अकिल मार्ग १९३७ मध्ये बंद झालेल्या लोहमार्गावरचा. वॉटरफर्ड–डंगारव्हन हा ४६ किमी.चा मार्ग २०१७ मध्ये खुला झाला. मुलाबाळांसह जाणाऱ्यांसाठी त्यांना तोड नाही. मात्र आगगाडीसाठी चढ कापून काढल्याने देशाची वर-खाली होणारी ठेवण त्यांवरून कळत नाही.

मार्ग आखण्यासाठी १:५०,००० प्रमाणाचे ‘डिस्कव्हरी’ मालिकेतील सरकारी नकाशे उपयोगी पडतात. त्यांत समोच्च रेषा १० मी. अंतराने असल्याने ड्रमलिन दोन ते चार वर्तुळांपुरताच दिसतो. रस्ता अशी किती वर्तुळे छेदतो ते मोजून दिवसाचे अंतर ठरवावे.