काल्पनिक खेळविश्वांतील स्थलनामे

काल्पनिक खेळविश्वांतील स्थलनामे : अद्भुतरम्य खेळांसाठी रचलेल्या जगांतील देश, नगरे, नद्या, डोंगर व दुर्ग यांची नावे. टेबलाभोवती बसून खेळायच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) या खेळापासून आजच्या मोबाइल गेमपर्यंत सर्वत्र अशी नावे घडवावी लागतात. त्यांचा विचार करताना एक भेद सतत ध्यानात ठेवावा लागतो. यांतल्या प्रत्येक नावाला दोन उगम असतात. एक खरा : रचनाकाराला ते कोणत्या भाषेवरून, कोणत्या माणसावरून किंवा कोणत्या अडचणीतून सुचले. दुसरा कथेतला : त्या जगातले रहिवासी नावाचा अर्थ काय सांगतात. पहिल्याला बाह्य आणि दुसऱ्याला आंतरिक व्युत्पत्ती म्हणता येईल. खेळाडू ज्याला ‘लोर’ म्हणतात, त्या कथेतल्या इतिहासात फक्त आंतरिक व्युत्पत्ती सापडते. या दोन्ही क्वचितच जुळतात. बहुधा नाव आधी ठरते आणि अर्थ मागाहून येतो.

याला मोठा अपवाद या परंपरेच्या मुळाशीच आहे. जे. आर. आर. टॉल्किन (१८९२–१९७३) हे ऑक्सफर्डमधले भाषेचे प्राध्यापक. त्यांनी आधी भाषा रचल्या आणि त्या बोलणारे लोक व देश नंतर. त्यांच्या सिंदारिन भाषेत ‘मोर’ म्हणजे काळा आणि ‘दोर’ म्हणजे भूमी. म्हणून मोर्दोर ही काळी भूमी, गोंदोर ही दगडांची भूमी आणि मोरिया हे काळे विवर. वाचकाला ही भाषा येत नसते, तरी ‘मोर’ आणि ‘दोर’ पुन्हा पुन्हा कानांवर पडले की ही नावे एकाच घरातली आहेत हे त्याला जाणवते. आपल्याकडे गावाच्या नावापुढे खुर्द किंवा बुद्रुक ऐकले की धाकटे गाव कोणते, थोरले कोणते हे कळते आणि फारसी वापरणाऱ्या राजवटींची खूणही त्यातच मिळते, तसेच हे आहे. पुढच्या खेळकर्त्यांनी टॉल्किनकडून एल्फ, बुटके आणि ड्रॅगन उचलले. नावांची ही शिस्त मात्र फार थोड्यांनी घेतली.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चे एक निर्माते गॅरी गायगॅक्स यांची पद्धत अगदी वेगळी होती. विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या छोट्या गावात त्यांनी ‘ग्रेहॉक’ हे जग उभे केले. सुरुवातीला त्यासाठी उत्तर अमेरिकेचाच नकाशा वापरला होता. ग्रेहॉक नगर शिकागोच्या जागी होते आणि डायव्हर्स मिलवॉकीच्या. १९८० मध्ये हे जग पुस्तकरूपाने छापले गेले, तेव्हा त्याला स्वतंत्र भूगोल मिळाला. पण नावांत मित्रमंडळींच्या खुणा राहिल्या. पेरेनलँड हा देश गायगॅक्स यांचे सहलेखक जेफ पेरेन यांच्या नावावरचा, तर अर्न्स्टमध्ये गायगॅक्स यांचे स्वतःचे पहिले नाव अर्नेस्ट ऐकू येते. या जगाचे नाव ‘ओअर्थ’, म्हणजे ‘अर्थ’ हा इंग्रजी शब्दच थोडा वाकवलेला. ही नावे रात्रीच्या खेळाला बसलेल्या मित्रमंडळींसाठी होती आणि त्यांच्यापुरती पुरेशी होती. पुढे तीच जगभर छापली गेली आणि अनोळखी वाचकांना ती गूढ वाटू लागली.

कॅनडाच्या एड ग्रीनवुड यांचे ‘फरगॉटन रेल्म्स’ लहानपणापासून मनात घोळत होते. ते १९८७ मध्ये खेळसामग्री म्हणून प्रसिद्ध झाले. त्यातली पुष्कळ नावे साध्या इंग्रजी शब्दांची जोड आहेत. वॉटरडीप हे खोल नैसर्गिक बंदराचे नगर. नेव्हरविंटर म्हणजे जिथे हिवाळा येतच नाही ते. डोंगरातल्या अग्नीमुळे तिथली नदी गोठत नाही असे सांगितले जाते. बाल्डर्स गेट या नगराचे नाव बाल्डुरान या दर्यावर्दी वीरावरून पडले, आणि १९९८ च्या संगणक खेळामुळे ते जगभर गेले. अशा नावांचा गुण हा की अर्थ लपत नाही. उणीव अशी की ती भाषांतरात कोरडी पडतात, आणि न भाषांतरता ठेवली तर तो गुणही जातो.

या विषयातला सर्वांत शिकण्यासारखा संग्रह ‘द एल्डर स्क्रोल्स’ या मालिकेत आहे. तिचा पहिला खेळ ‘अरीना’ (१९९४). हा आधी आखाड्यातल्या झुंजींचा खेळ म्हणून आखला होता. काम पुढे सरकत गेले तसा तो भूमिका-खेळ झाला आणि झुंजी मागे पडल्या, पण नाव ठरून गेले होते. मग कथेतच सोय करण्यात आली : टॅम्रिएल खंड इतका रक्तरंजित आहे की लोकच त्याला आखाडा म्हणू लागले. बाह्य कारण व्यवहाराचे, आंतरिक कारण इतिहासाचे, आणि या मालिकेने पुढे हीच सवय कलेच्या पातळीवर नेली.

हॅमरफेल हे उदाहरण पाहावे. इंग्रजी कानाला ते ‘हातोडा पडला’ असे ऐकू येते. नंतर रचलेल्या कथेत रूर्केन नावाच्या बुटक्यांच्या टोळीच्या नायकाने आपला हातोडा भिरकावला. तो जिथे पडला तिथे त्याच्या लोकांनी वस्ती केली आणि नगराला व्होलेनफेल, म्हणजे हातोड्याचे नगर, असे म्हटले. त्यातूनच पुढे हॅमरफेल आले. इथे एक चतुर उलथापालथ झाली आहे. ‘फेल’ हे इंग्रजीतले ‘पडला’ राहिले नाही, ते बुटक्यांच्या भाषेतले ‘नगर’ झाले. मग व्हार्डेनफेल या ज्वालामुखी बेटाच्या नावातही तोच ‘फेल’ बसला आणि त्याचा अर्थ ‘भक्कम ढालीचे नगर’ असा लागला. एका शाब्दिक योगायोगातून भाषेचा एक प्रत्यय जन्माला आला.

‘मॉरोविंड’ (२००२) याच बेटावर घडतो आणि नावांच्या बाबतीत तो या मालिकेचा कळस आहे. डन्मर लोकांच्या भाषेत ‘मोरा’ म्हणजे अरण्य. बॅलमोरा हे ‘दगडी अरण्य’, सॅड्रिथ मोरा हे ‘अळंब्यांचे अरण्य’. तिथे खरोखर अळंब्यांच्या प्रचंड छत्र्यांखाली घरे आहेत. ‘टेल’ म्हणजे मनोरा, म्हणून टेल ब्रॅनोरा, टेल फिर, टेल मोरा. खेळाडूला कोणी शब्दकोश देत नाही. तो पायी भटकतो, दूरवर मनोरा दिसतो, नकाशावर ‘टेल’ दिसते आणि काही तासांत त्याला तो शब्द येऊ लागतो. लोकांच्या नावांतही हीच शिस्त आहे : अल्टमर, बॉस्मर, डन्मर यांतला ‘मर’ म्हणजे एल्फांची जमात. याआधीच्या ‘डॅगरफॉल’मध्ये (१९९६) संगणकाने शब्दांचे तुकडे जोडून हजारो ठिकाणांची नावे तयार केली होती. संख्येने ती अफाट होती, पण त्यांतली लक्षात राहतात ती मोजकीच. हाताने घडवलेल्या एका बेटाने जे साधले ते त्या अफाट नकाशाला साधले नाही, असे स्पष्ट म्हणावे लागते.

या मालिकेत हलकेफुलके शब्दखेळही आहेत. मांजरमुख्या खजीतांचा देश एल्सवेअर. ऐकताना ‘दुसरीकडे’ असा अर्थ निघतो. कथेत त्याला आधार दिला आहे तो त्यांच्या म्हणीचा, की परिपूर्ण समाज नेहमी दुसरीकडेच सापडतो. ‘स्कायरिम’मधल्या (२०११) हाय ह्रोथगार या मठाचे नाव ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी काव्यातल्या डेन्मार्कच्या राजावरून आले आहे. उत्तरेकडच्या थंड प्रदेशाची हवा त्या एका नावाने येते.

जपानी खेळांत अर्थ मागाहून येण्याचा सर्वांत सुंदर नमुना ‘झेल्डा’ मालिकेत आहे. १९८७ च्या दुसऱ्या खेळात हायरूल राज्यातल्या गावांची नावे रौरू, रूतो, सारिया, नाबूरू, दारुनिया अशी होती; त्यांना तेव्हा काही इतिहास नव्हता. अकरा वर्षांनी ‘ऑकरिना ऑफ टाइम’ (१९९८) मध्ये हीच नावे ऋषितुल्य रक्षकांना दिली गेली. कथेच्या कालक्रमात हा खेळ आधी घडतो. त्यामुळे जुनी गावे आता त्या रक्षकांच्या स्मरणार्थ वसलेली ठरली. गावांवरून माणसांची नावे आली आणि कथेत माणसांवरून गावांची.

पोलिश लेखक आंद्रेय सापकोव्स्की यांच्या कथांवरच्या ‘विचर’ खेळांत नावे खऱ्या युरोपातून येतात. स्केलिगे हे आयर्लंडजवळच्या स्केलिग बेटांवरून, ऑक्सनफुर्ट हे विद्यापीठाचे गाव ऑक्सफर्डवरून आणि नोविग्राद म्हणजे स्लाव भाषांतले सरळ ‘नवे नगर’. केअर मोर्हेन हा दुर्ग मात्र खास आहे. एल्फ भाषेत त्याचे मूळ रूप ‘केअर आ म्युअरेहेन’, म्हणजे प्राचीन समुद्राचा किल्ला, कारण त्याच्या दगडांत शंखशिंपल्यांचे अवशेष आहेत. वेल्श ‘केअर’ म्हणजे गढी, आयरिश ‘मुइर’ म्हणजे समुद्र, वेल्श ‘हेन’ म्हणजे जुना. इथे दोन्ही व्युत्पत्ती एकाच वाटेने जातात, म्हणून हे नाव टॉल्किनच्या पंक्तीला बसते.

‘वॉरक्राफ्ट’ खेळांच्या अझेरोथ या जगात बरीच नावे पूर्वजांची आहेत : ऑर्ग्रिमवरून ऑर्ग्रिमार, ड्युरोटानवरून ड्युरोटार. एल्फ आणि ट्रोल यांच्या नावांत अपॉस्ट्रॉफी येतो; ती नावे परकी वाटावीत, एवढाच त्याचा हेतू दिसतो. भाषांतराचा प्रश्न याच खेळाने ठळक केला. जर्मन आवृत्तीत सुरुवातीला इंग्रजी नावे तशीच होती. नंतर आयर्नफोर्जचे ‘आयझेनश्मीडे’ आणि स्टॉर्मविंडचे ‘श्टुर्मविंड’ झाले. टॉल्किन यांनाही डच आणि स्वीडिश भाषांतरांतील नावांचा मनस्ताप झाला होता. कोणती नावे भाषांतरावीत आणि कोणती तशीच ठेवावीत याची त्यांनी स्वतः तयार केलेली यादी १९७५ मध्ये छापली गेली.

भारतीय वाचकाला या विषयात हक्काने बोलता येईल अशी जागा ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ (२०२०) या शांघायच्या खेळात आहे. २०२२ मध्ये त्यात आलेला देश सुमेरू. हे नाव चिनी रचनाकारांपर्यंत बौद्ध ग्रंथांतून पोहोचले. जपमाळेतला मेरुमणी ज्या पर्वतावरून आला, तोच हा. तिथे वनराना नावाचे रान आहे, छत्राकम नावाची गुहा आहे (संस्कृतात छत्राक म्हणजे अळंबे), आपम् नावाचे अरण्य आहे (आपः म्हणजे पाणी) आणि विशुद्ध नावाचे शेत आहे. गंधर्व या शब्दाला फ्रेंच ‘विल’ जोडून एक गाव केले आहे. संस्कृतात गंधर्वनगर म्हणजे आकाशात भासणारी खोटी नगरी, हे ठाऊक असलेल्याला ते नाव वेगळेच भेटते. पण त्याच देशात अरबी ‘रिबात’, इजिप्तमधला ‘आरू’ आणि इराणी ‘यस्न’ही नांदतात. इतक्या संस्कृती एका नकाशावर कोंबल्याने कोणतीच भाषा पुरती ऐकू येत नाही. एकेक नाव अभ्यासपूर्वक निवडले आहे, तरी नावांचे कुटुंब तयार झालेले नाही.

भारतातही आता असे खेळ तयार होतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ (२०२०) प्राचीन भारतात घडतो. वरील उदाहरणांवरून धडा घ्यायचा तर मराठीत खेळविश्व रचणाऱ्याने नकाशावर पहिला डोंगर काढण्याआधी नदी, खिंड, पाणवठा, गढी आणि वस्ती यांसाठी पाच शब्द ठरवावेत आणि शेवटपर्यंत तेच वापरावेत.