छप्पनच्या सालातली गाडी

चलथाण स्टेशनवर उभे राहा. ऊसतोडीचा हंगाम चालू आहे आणि साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस वास फलाटापर्यंत येतोय. नंदुरबार-धुळ्याकडून, डांगातून आलेली कोयत्याची माणसं पहाटेपासून फडात आहेत. समोरचे रूळ पूर्वेला बारडोली, व्यारा, नवापूर करत जळगावला जातात. पश्चिमेला ते उधन्याला मुंबईच्या मुख्य मार्गाला मिळतात. तुम्हाला पश्चिमेला जायचंय, आणि सव्वाशे वर्षं मागे.

साल १९००. कारखाना नाही, कालव्याचं पाणी नाही, त्यामुळे हा हिरवागार ऊसही नाही. तापी खोऱ्यातले हे रूळ अजून नवे आहेत. विक्रम संवत १९५६ मध्ये पाऊस दडी मारून बसला, म्हणून गुजरातेत या दुष्काळाला ‘छप्पनियो’ म्हणतात. खरा घाला वर खेडा, पंचमहाल, अहमदाबादेकडे पडलाय. आधी गुरं मेली, मग माणसं. उरलेल्यांना कामावर लावून अन्न द्यायला सरकारी छावण्या उघडल्या, तर तिथे पटकी शिरली.

उधन्याला दक्षिणेकडे जाणारी गाडी येईल, तिच्यात चढा. तुम्ही कुणाला दिसणार नाही. डब्यात दोन-तीन मराठी बायका आहेत आणि त्यांच्याभोवती मुलीच मुली. एकीकडे नीट बघा. सात वर्षांची असेल, नाहीतर अकराची. उपासमारीत वय चेहऱ्यावरून कळत नाही. हातात दिलेल्या भाकरीतली अर्धी खाऊन उरलेली तिनं फडक्यात लपवली. गोड बोलणाऱ्या बाईकडे ती संशयानंच बघते.

या बायका केडगावहून आल्यात, पंडिता रमाबाईंनी पाठवलेल्या. मुलीची भीतीही खोटी समजू नका. तीन वर्षांपूर्वी मध्य प्रांतातल्या दुष्काळातून रमाबाईंनी तीनेकशे मुली आणल्या, तेव्हा त्यांच्यात एक अफवा पसरली होती: ही बाई आपल्याला खाऊ घालून धष्टपुष्ट करणार, मग उलटं टांगून, खाली जाळ करून डोक्यातून तेल काढणार. ज्या मुलांना जगानं फक्त ओरबाडलं, त्यांना फुकट मिळणाऱ्या भाकरीमागे दुसरं काय दिसणार?

मुंबईला गाडी बदलावी लागते. मग घाट, पुणं मागे टाकून दुसरी गाडी केडगावला थांबते. उघड्या माळरानावर रमाबाईंची ‘मुक्ती’ ही संस्था आहे. विहिरी खोदल्यात, नव्या इमारती उठतायत, शेतात, मागांवर, भटारखान्यात मुली-बायका कामाला आहेत. हे वर्ष सरेपर्यंत इथली संख्या दोन हजारांच्या आसपास जाईल. आणलेल्या सगळ्याच जगत नाहीत. त्या पांढऱ्या सुती लुगड्यातल्या, आखूड केसांच्या, ठेंगण्या बाई म्हणजे रमाबाई. बोलायचं असलं तर मोठ्यानं बोलावं लागेल, त्यांना ऐकू कमी येतं.

पुण्यात या बाईंवर संताप आहे. १८९३ मध्ये त्यांच्या शारदा सदनातल्या विधवा मुली ख्रिस्ताकडे ओढल्या जातात म्हणून गहजब झाला आणि पालकांनी मुली काढून नेल्या. भुकेल्या लेकराला हात देताना धर्म हातात ठेवला जातो का, हा प्रश्न तुम्हालाही पडेल, आणि तो पडायलाच हवा. मी त्याला बगल देत नाही. पण हा प्रश्न विचारणाऱ्या पुण्यातून त्या मुलींसाठी किती भाकऱ्या निघाल्या, हेही त्याच दमात विचारा.

आता एकच विचारायचं राहिलं: देव आहे, तर मग हे का? थांबा, रमाबाईंना विचारण्याआधी त्यांच्याच मागे आणखी सव्वीस वर्षं चला.

१८७४. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांचं कुटुंब तीर्थं फिरत पुराणं सांगून पोट भरतं. दुष्काळात तेही संपलं. विद्वान ब्राह्मणानं मजुरी करायची नाही आणि भीकही मागायची नाही, म्हणून वडील जलसमाधी घ्यायला निघतात. मुलगा श्रीनिवास ‘मी मजुरी करीन’ म्हणून त्यांना थांबवतो, पण वडील जातातच. मागोमाग आई. तिला न्यायला पुरेसे खांदेकरी मिळत नाहीत. सोळा वर्षांची रमा खांदा देते, पण उंची इतरांच्या बरोबरीची नाही, म्हणून तिरडीचा भार डोक्यावर घेते. मग बहीण पटकीनं जाते. उरलेली दोघं भावंडं उत्तरेकडे पायी निघतात. झेलमच्या काठावर, थंडीत अंगावर घ्यायला काही नाही, म्हणून वाळूत थडग्यासारखे खड्डे खणून गळ्यापर्यंत वाळू ओढून पडून राहतात.

त्या खड्ड्याशी क्षणभर थांबा. या मुलीला अजून ख्रिस्त माहीत नाही. जी दैवतं आळवली ती गप्प राहिली, एवढंच तिला माहीत आहे. पुढे भाऊही जाईल. तिच्या लग्नाला दोन वर्षं पुरी होण्याआधी, १८८२ मध्ये, नवरा बिपिनबिहारी पटकीनं जाईल. मागे उरेल दहा महिन्यांची मनोरमा.

१८८३, लंडनचं फुलहॅम. वाँटेजच्या ख्रिस्ती जोगिणी इथे वाट चुकलेल्या म्हटल्या जाणाऱ्या बायकांना सांभाळतात. इंग्लंडला आलेल्या रमाबाई चकित होऊन बघतायत. अशा बाईला शास्त्रात शिक्षा आहे, हे त्यांना तोंडपाठ आहे. तिला जवळ घेणारं कुणी त्यांनी पाहिलेलं नाही. ‘तुम्ही हे का करता?’ उत्तरादाखल एक जोगीण योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शमरोनी स्त्रीची गोष्ट सांगते. येशूनं जिच्याकडे पाणी मागितलं, जिला टाळलं नाही, ती बाई. रमाबाईंना पटलं ते इथे. २९ सप्टेंबर १८८३ ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण मनाची शांती लगेच आली नाही. धर्म मिळाला, ख्रिस्त स्वतः भेटायला आणखी सुमारे आठ वर्षं लागली, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. श्रद्धेनं दुःख चुटकीसरशी विरतं असं सांगणाऱ्यांनी ही आठ वर्षं लक्षात घ्यावीत.

आता केडगावला परत या आणि विचारा तो प्रश्न. माझ्या समजुतीप्रमाणे त्यांच्याकडे ‘का’चं उत्तर नाही, आणि त्यांना ते हवंही नाही. उपाशी मेलेल्या आईबापांचा हिशेब त्यांनी देवाकडे मागितला नाही. गुजरातेत माणसं पाठवली, कारण भूक म्हणजे काय ते त्यांच्या शरीराला माहीत होतं. क्रूसावरचा देव त्यांना पटला तोही असाच: वरून दुःख समजावून सांगणारा नव्हे, तर ते अंगावर घेणारा. दुःख दुसऱ्याच्या कामी आलं, तेव्हाच त्यांना त्यात अर्थ दिसला. आशेचीही त्यांच्या घरी तीच ओळख होती. आंधळ्या बायकांसाठी वेगळं सदन उभं राहिलं, मनोरमा त्यांना ब्रेल शिकवू लागली. फुलहॅमला पाहिलेलं काम केडगावच्या कृपासदनात सुरू झालं.

एकच मुक्काम उरला, १९२१ चा. जुलैत मनोरमा गेली. रमाबाई त्रेसष्ट वर्षांच्या, जवळजवळ बहिऱ्या. टेबलावर बायबलच्या मराठी भाषांतराची मुद्रितं. हिब्रू-ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत त्या ते वर्षानुवर्षं करत आल्यात. खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या सगळ्या मुक्तीतल्याच बायका. लेक गेली तरी काम थांबत नाही.

५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. भाषांतर पूर्ण झालं होतं. ते १९२४ मध्ये छापून निघालं. मुक्ती मिशन आजही केडगावातच आहे आणि निराधार बायका-मुलांना तिथे आजही आसरा मिळतो. पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव स्टेशन लागतं. एकदा उतरून बघून या.