केर्सी : ओकची राने, घळया आणि पायवाटा

केर्सी : नैर्ऋत्य फ्रान्समधील एक जुना प्रांत. आजच्या प्रशासकीय नकाशावर हे नाव नाही. प्रांताचा बहुतेक भाग लॉट जिल्ह्यात मोडतो. दक्षिणेकडचा मोंतोबाँ परिसर नेपोलियनने १८०८ मध्ये नव्याने केलेल्या तार्न-ए-गारॉन जिल्ह्यात घातला. चुनखडकाची कोरडी पठारे, ती चिरत गेलेल्या लॉट व सेले या नद्या, कड्यांना बिलगलेली मध्ययुगीन गावे आणि या सर्वांना जोडणाऱ्या पायवाटा यांमुळे पायी भटकणाऱ्यांत हा प्रदेश प्रसिद्ध आहे. ‘कॉस द्यु केर्सी’ हे प्रादेशिक निसर्ग उद्यान येथे १९९९ मध्ये स्थापन झाले. २०१७ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक भू-उद्यानाचा दर्जा दिला. कॉस म्हणजे स्थानिक बोलीत चुनखडकाचे पठार.

ओकला लॅटिनमध्ये क्वेर्कुस म्हणतात आणि केर्सीत पाहावे तिकडे ओक. त्यामुळे प्रांताचे नाव झाडावरून पडले असे पाहुण्यांना हमखास वाटते. ते खरे नाही. रोमनपूर्व काळात येथे कादुर्की नावाची गॉल टोळी राहत होती. प्रांताचे केर्सी आणि त्याच्या राजधानीचे काऑर ही दोन्ही नावे तिच्यावरून आली. केर्सीत असे चकवे पुढेही भेटतात.

त्यांतला सर्वांत मोठा चकवा खुद्द रानाचा. येथील ओक बुटका, वाकडातिकडा आणि पानांच्या खालच्या अंगाला मऊ लव असलेला. त्याची वाळलेली पाने हिवाळाभर फांदीवरच राहतात, म्हणून जानेवारीतही रान उघडेबोडके न दिसता तांबूस दिसते. सोबत जुनिपर, मेपल आणि बॉक्सची झुडपे. या सावलीतून चालताना रान अनादी असल्यासारखे वाटते. पण वाटेच्या दोन्ही बाजूंना पाहिले की शंका येते : ऐन झाडीत कमरेइतके उंच गडगे, चुना-माती न घालता नुसते दगडावर दगड रचलेले, मैलोन्‌मैल सरळ रेषेत गेलेले. रानात कोणी कुंपण घालत नाही. हे गडगे शेतांचे, द्राक्षमळ्यांचे आणि मेंढरांच्या कुरणांचे आहेत. १८७० च्या दशकात फायलोक्सेरा या किडीने येथील द्राक्षवेली मारल्या, माणसे शहरांकडे गेली, पहिल्या महायुद्धाने उरलेली तरुण पिढी नेली. लॉट जिल्ह्याची वस्ती १८५१ मध्ये तीन लाखांच्या घरात होती. आज ती पावणेदोन लाखांच्या आसपास आहे. कसणारे गेल्यावर पठारावर ओक पसरला. म्हणजे येथील पुष्कळ ठिकाणी वाट आधीची आणि झाडे मागाहूनची.

शेतातले दगड वेचता वेचता गडगे उभे राहिले, आणि उरलेल्या दगडांतून गोल, टोपीसारख्या छपराच्या खोपी. त्यांना गारिओत किंवा काझेल म्हणतात. छपराला एकही वासा नसतो. दगडाची प्रत्येक फेरी खालच्या फेरीपेक्षा थोडी आत सरकवत नेऊन शेवटी माथ्यावर एक चपटा दगड बसवतात. हौशी अभ्यासकांनी त्यांना केल्टिक ठरवले होते. बहुतेक खोपी अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतल्या शेतकऱ्यांनी अवजारे ठेवायला आणि पावसात टेकायला बांधलेल्या आहेत. खरोखर प्राचीन काही पाहायचे तर डोल्मेन, म्हणजे महापाषाणी दफनशिला, पाहाव्यात. जिल्ह्यात त्या सहाशेहून अधिक आहेत. गडग्यांमधून आजही मेंढ्या चरतात : पांढऱ्या अंगाच्या, काळ्या कानांच्या आणि दोन्ही डोळ्यांभोवती काळे वर्तुळ असलेल्या, चष्मा लावल्यासारख्या.

पठारावर पाऊस पडतो, पण पाणी थांबत नाही. चुनखडक पाण्यात विरघळतो, भेगा रुंदावतात आणि ओढे जमिनीखाली जातात. भूमिगत पोकळीचे छत कोसळले की विहिरीसारखा खड्डा पडतो. त्याला येथे इग म्हणतात. पादिराकचा खड्डा सुमारे ७५ मीटर खोल आहे. १८८९ मध्ये गुहा-संशोधक एदुआर-आल्फ्रेद मार्तेल त्यात उतरला आणि तळाशी त्याला वाहती नदी सापडली. वर मात्र मेंढपाळ पाण्याला महाग. त्यांनी कातळात चौकोनी टाकी कोरली. शार्लमेनच्या सैन्यातून बाहेर पडून संन्यासी झालेल्या नामफेझ नावाच्या संताने ती खोदली, अशी लोककथा आहे.

मुख्य वाटा फ्रान्सच्या जीआर या दूरपल्ल्याच्या पायवाटांच्या मालिकेतील आहेत. झाडावर किंवा दगडावर पांढऱ्या-तांबड्या रंगाचे दोन पट्टे म्हणजे वाट बरोबर. त्याच रंगांची फुली म्हणजे मागे फिरा. गावाभोवतीच्या छोट्या फेऱ्यांना पिवळी खूण असते. जीआर ६५ ही ल प्युई येथून निघणारी, स्पेनमधील सान्तियागोला जाणाऱ्या यात्रेकरूंची वाट. ती केर्सीत फिझाक, काझार्क आणि लिमॉन्यवरून काऑरला पोहोचते, आणि बहुतांशी पठारावरूनच जाते. फ्रान्समधील सान्तियागो मार्गांचा जागतिक वारशात १९९८ मध्ये समावेश झाला, तेव्हा या वाटेचे फेसेल–काझार्क व बाक–काऑर हे टप्पेही त्यात आले.

चालणाऱ्याला निवड करायची असेल तर प्रस्तुत नोंदकाराचे मत जीआर ६५१ ला. बेद्वे येथे मुख्य वाटेपासून फुटून ती सेलेच्या घळईतून बूझिएसपर्यंत जाते; अंतर पन्नास-पंचावन्न किलोमीटर, तीन दिवस पुरतात. वाट कधी नदीकाठच्या अक्रोडांतून जाते, कधी दम काढत कड्याच्या माथ्यावर चढते आणि पुन्हा गावात उतरते. एस्पान्याकमध्ये जुना मठ आहे आणि गावात शिरायला त्याचीच कमान. मार्सियाकच्या बेनेडिक्टाइन मठाचे अर्धे छत नाही. गवतातून आत जावे तर खांबांच्या मध्ये आकाश. शंभर वर्षांच्या युद्धात तो उद्ध्वस्त झाला. ब्रँगसारख्या ठिकाणी कड्याच्या अर्ध्या उंचीवर गुहांची तोंडे भिंतींनी बंद केलेली दिसतात. लोक त्यांना ‘इंग्रजांचे किल्ले’ म्हणतात. १३६० च्या ब्रेतिन्यीच्या तहाने केर्सी इंग्रजांकडे गेला हे खरे, परंतु यांतील बरेचसे आसरे त्याआधी स्थानिक सरदारांनी बांधले होते. पुढे भाडोत्री सैनिकांच्या टोळ्यांनी त्यांत ठाण मांडले आणि नाव इंग्रजांचे पडले.

काब्रेरे गावाच्या वरच्या टेकडीत पेश मेर्लची गुहा आहे. १९२२ मध्ये दोन किशोरवयीन मुलांनी ती शोधली. भिंतीवर काळ्या ठिपक्यांचे दोन घोडे पाठीला पाठ लावून उभे आहेत, सुमारे २९,००० वर्षांपूर्वी चितारलेले. उजवीकडच्या घोड्याचे डोके मुळात खडकाच्याच आकारात आहे. चित्रकाराने ते ओळखले, एवढेच. गुहेतून बाहेर पडण्यापूर्वी आणखी एक गोष्ट दिसते, तिच्याकडे मात्र घाईत दुर्लक्ष होते : पठारावरच्या एका ओकचे मूळ छत फोडून आत आले आहे आणि दोरखंडासारखे लोंबत जमिनीत शिरले आहे. कातळातून पाण्यापर्यंत पोहोचण्यासाठी हे झाड काय करते ते येथे डोळ्यांनी पाहायला मिळते.

बूझिएसपासून सँ-सिर्क-लापोपीकडे जाणारी वाट लॉटच्या काठाने, कड्याच्या पोटातून जाते. प्रवाहाविरुद्ध नावा ओढून नेण्यासाठी १८४० च्या दशकात ती कातळात कोरली. डोक्यावर खडकाची कमान, एका हाताला दगडी भिंत, दुसऱ्या हाताला थेट पाणी. भिंतीवर छिन्नीचे तिरपे ओरखडे अजून जसेच्या तसे आहेत. काऑरची दारू या नदीनेच बोर्दोला जात असे. रेल्वे आल्यावर नावा थांबल्या आणि वाट भटक्यांना उरली. तिच्या एका भागावर दान्येल मोन्ये या शिल्पकाराने मासे व शिंपले कोरले आहेत. पुढे नदीपासून शंभरेक मीटर उंच कड्यावर सँ-सिर्क-लापोपी. येथील कारागीर पिंपांच्या तोट्या बॉक्सच्या लाकडातून कातत. कवी आंद्रे ब्रताँने १९५१ मध्ये येथे घर घेतले. उन्हाळ्यात दुपारी गावात पाऊल ठेवायला जागा नसते. सकाळी लवकर, पायी वर चढून यावे हे उत्तम.

काऑरला लॉट तिन्ही बाजूंनी वळसा घालते. १३०८ मध्ये सुरू झालेला तीन बुरुजांचा वालाँत्रे पूल पुरा व्हायला सत्तरेक वर्षे लागली, म्हणून त्यात सैतानाचा हात असल्याची कथा रचली गेली. मध्ययुगात हे सावकारांचे शहर होते. दान्तेने आपल्या ‘इन्फर्नो’त त्याला सोडोमच्या शेजारी बसवले आहे. फिझाक ही इजिप्तची चित्रलिपी उलगडणाऱ्या शाँपोल्यिओंची जन्मभूमी (१७९०). तेथील एका चौकाची जमीनच रोझेटा शिलेच्या प्रचंड प्रतिकृतीची आहे.

उत्तरेला ग्रामाहून आल्झूच्या घळईतून उतरणारी वाट पडक्या गिरण्यांवरून रोकामादूरला जाते. आल्झू उन्हाळ्यात पात्रातच जिरते. रोकामादूरचे घळईवर टांगलेले रूप गाडीतून येणाऱ्यांना वरून दिसते. या वाटेने ते पायाशी उभे राहून दिसते. काळ्या मेरीच्या मंदिराकडे २१६ पायऱ्या आहेत, पूर्वी यात्रेकरू गुडघ्यांवर त्या चढत. कड्यात खुपसलेली, शार्लमेनचा सरदार रोलाँ याची म्हणून दाखवली जाणारी तलवार २०२४ मध्ये नाहीशी झाली.

ओकच्या मुळांशी वाढणारे काळे ट्रफल हे येथील मोलाचे पीक. ज्या झाडाखाली ते असते तेथे गवत जळल्यासारखे नाहीसे होते. हिवाळ्यात दर मंगळवारी दुपारी लाल्बँकला त्याचा बाजार भरतो : बाकांवर मांडलेल्या टोपल्या, समोर दोरी, दोरीपलीकडे गिऱ्हाईक. वास मात्र दोरीच्या दोन्ही बाजूंना सारखाच.

चालायला एप्रिल ते जून आणि सप्टेंबर–ऑक्टोबर हे महिने बरे. जुलै-ऑगस्टमध्ये पठार तापते. शरदात रानडुकरांची शिकार चालते, तेव्हा भडक रंगाचे कपडे घालावेत. काऑर हे पॅरिस–तुलूझ रेल्वेमार्गावर आहे. पठारावरच्या टप्प्यांत दीड-दोन लिटर पाणी जवळ असावे. गावातले दुकान बंद असेल आणि नळ दिसत नसेल, तर चर्चजवळची दफनभूमी शोधावी. कबरींवरच्या फुलांसाठी तेथे बहुधा नळ असतोच.