जालयंत्रांच्या भाषेतील आज्ञार्थ व स्वार्थ

नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली (ता. शहादा) या गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिला आधार क्रमांक देण्यात आला. पुढच्याच महिन्यात इंटरनेटची मानके ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने ‘यांग’ या भाषेची पहिली मानक संहिता प्रसिद्ध केली. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही. तथापि आधारची पडताळणी दूरस्थ केंद्राशी होणाऱ्या संपर्कावर अवलंबून असते; म्हणून संपर्कजाळ्यातील यंत्रांना कोणत्या भाषेत आज्ञा देतात, हा प्रश्न अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरी भागातील ग्रामस्थासही परका नाही.

१९८८ साली ‘एस्. एन्. एम्. पी.’ ही पद्धती पुढे आली. तीत यंत्राच्या प्रत्येक गुणधर्मास अंकांची मालिका दिलेली असे. उदाहरणार्थ, यंत्राच्या नावासाठी १.३.६.१.२.१.१.५. यंत्राची विचारपूस करण्यास ही पद्धती उत्तम ठरली. आज्ञा देण्यासाठी मात्र तंत्रज्ञ प्रत्येक कंपनीची निराळी आज्ञावलीच वापरीत राहिले. जून २००२ मध्ये अमेरिकेतील रेस्टन येथे भरलेल्या बैठकीत त्यांनी स्पष्ट मागणी केली की, यंत्रास दिलेली आज्ञा, त्याची प्रत्यक्ष स्थिती व आकडेवारी यांची सरमिसळ होऊ नये. या विचारमंथनातून प्रथम ‘नेटकॉन्फ’ (डिसेंबर २००६) ही आज्ञा पोहोचविण्याची पद्धती व नंतर आज्ञेचा आशय मांडणारी ‘यांग’ सिद्ध झाली.

व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर, ही मागणी क्रियापदाच्या अर्थभेदाची होती. ‘दार उघड’ हा आज्ञार्थ. ‘दार उघडले’ हा स्वार्थ. यांगमध्ये एखाद्या पदास ‘कॉन्फिग फॉल्स’ असे विशेषण लावले की ते केवळ निवेदनाचे ठरते. त्यास आज्ञा करता येत नाही. ‘मस्ट’ या शब्दाने घातलेली अट विध्यर्थाच्या जवळ जाते.

२०११ साली मंजूर झालेल्या व पुढे ‘भारतनेट’ म्हणून ओळखल्या गेलेल्या योजनेने ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याचे ठरविले. अशी एखादी जोडणी कल्पून पाहावी. तिच्या टोकाच्या यंत्रात ‘एनेबल्ड’ या पदाचे मूल्य होकारार्थी असेल. परंतु वाटेत तार तुटली असल्यास ‘ऑपर-स्टेटस’ हे पद ‘डाऊन’ असे सांगेल. पहिले पद आज्ञेचे, दुसरे वस्तुस्थितीचे. मार्च २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानकाने हा भेद आणखी पुढे नेला. एकाच पदाचे अभिप्रेत मूल्य व प्रत्यक्ष अमलात असलेले मूल्य स्वतंत्र कोशांत ठेवण्याची व्यवस्था त्याने केली.

नेटकॉन्फमधील आणखी एक सोय येथे उल्लेखनीय आहे. दिलेली आज्ञा ठराविक मुदतीत, सामान्यतः ६०० सेकंदांत, पुन्हा पक्की केली नाही तर यंत्र आपोआप पूर्वस्थितीवर येते. चुकीच्या आज्ञेने संपर्कच तुटला तर तंत्रज्ञास घाट चढून जावे लागू नये, हा याचा व्यावहारिक लाभ होय.

सारांश, या भाषेचे महत्त्व केवळ यंत्रांना एकसारखे बोलावयास लावण्यात नाही. गाव जोडल्याची नोंद आणि गाव खरोखर जोडलेले असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे तिचे व्याकरणच बजावते.