दयेपासून हमीपर्यंत

तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला एकनाथांनी कावडीतले गंगाजल पाजले, ही आख्यायिका पैठणच्या नावाशी कायमची जोडलेली आहे. कथेतील गाढव पाणी मागत नाही. त्याला मागता येत नाही. देणाऱ्याचे अंतःकरण द्रवले म्हणून ते वाचले. १९७२ च्या दुष्काळाविषयी वाचताना आम्हांला ही कथा वारंवार आठवते.

पैठणला तेव्हा जायकवाडी धरणाचे काम चालू होते. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी उद्घाटन केले. मधल्या काळात मराठवाड्यातील माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर अशा मजुरांची संख्या ५० लाखांच्या आसपास गेली. तेथे वाटलेली सुकडी त्या पिढीच्या आठवणींत अजून आहे. परंतु ही कामे सरकारने टंचाई मानली तर निघत आणि पाऊस पडला की थांबत. म्हणजे गाढवाचीच स्थिती.

वि. स. पागे यांनी मांडलेली कल्पना याहून वेगळी होती. १९६५ साली तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग झाला. १९७७ चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, आणि काम मागणाऱ्याला ते १५ दिवसांत न दिल्यास बेकारी भत्ता देणे शासनावर बंधनकारक झाले. भत्ता दिवसाला किमान एक रुपया! रक्कम हास्यास्पद होती खरी. पण ‘मदत’ या शब्दाच्या जागी ‘हमी’ आला, हे भाषेच्या अभ्यासकांनी दुर्लक्षू नये. खर्चासाठी १९७५ पासून व्यवसाय कर लावण्यात आला. प्राध्यापक मंडळींच्या पगारपत्रकावरील ती किरकोळ कपात मूळची या मजुरांसाठी होती, याची जाणीव किती जणांना असेल?

व्यवहारात हमी पुष्कळदा कागदावर राहिली. भत्ता फार क्वचित मिळाला. मागणीचा लेखी पुरावाच नसेल, तर १५ दिवस मोजायचे कोठून? २००५ च्या केंद्रीय कायद्याने अर्जाची दिनांकित पोच देणे आवश्यक केले, ते यामुळेच महत्त्वाचे. मराठीत दुष्काळावर कथा-कादंबऱ्या आहेत. हातात ती पोच घेऊन कचेरीच्या पायरीवर बसलेली बाई मात्र आमच्या वाचनात अजून आलेली नाही.