शोधाचे रकाने

लिहून ठेवलेलें ज्ञान नष्ट होत नाहीं, असें मानण्याची रूढि आहे. परंतु जें लिहिलेलें असूनही वेळेवर सांपडत नाहीं, तें नसल्यासारखेंच होय. वैद्यकशास्त्रांत तर याची किंमत रोग्याला मोजावी लागते. लेख लिहिणारा वैद्य आणि त्या लेखाची गरज असलेला दुसरा वैद्य यांच्यामध्यें सूचिकार उभा असतो. त्या सूचिकाराचें मुख्य साधन म्हणजे साधा रकाना. आणि या रकान्याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यांत अल्लीपूर हें गांव आहे. या गांवासंबंधीं वैद्यकीय नियतकालिकांत कांहीं छापलें गेलें आहे काय, हें पाहावयास कोणी संगणकापुढें बसला, तर पहिली अडचण नांवाचीच येते. रोमन लिपींत हें नांव कोणी एक 'एल' घालून लिहितो, कोणी दोन. अलीपूर दिल्लीच्या उत्तरेसही आहे आणि कलकत्त्यांतही आहे. इराणांत तर अलीपूर हें नेहमीं आढळणारें आडनांव असून त्याचीं रोमन रूपेंही अशींच निरनिराळीं आहेत. नुसता शब्द टाकून शोध घेणाऱ्यापुढें तेहरानच्या डॉक्टरांचे लेख येऊन पडावयाचे, आणि वर्ध्याकडील गांव त्या गर्दींत दिसेनासें व्हावयाचें! यांत यंत्राचा दोष नाहीं. हा शब्द लेखकाचें नांव म्हणून हवा, कीं पत्त्यांत हवा, कीं मथळ्यांत, हें त्याला कोणीं सांगितलेलेंच नसतें.

असें सांगण्याची सोय एका दिवसांत झालेली नाहीं. १८६५ सालीं अमेरिकेच्या सैन्यांतील शस्त्रवैद्य जॉन शॉ बिलिंग्स यांच्याकडे लष्करी वैद्यखात्याचें लहानसें ग्रंथालय सोंपविण्यांत आलें. पुस्तकांची यादी कोणताही ग्रंथपाल करतो. बिलिंग्स यांनीं नियतकालिकांच्या पोटांतील एकेक लेख वेगळा काढून तो त्याच्या विषयाखालीं मांडला. 'इंडेक्स मेडिकस' ही मासिक सूची १८७९ सालीं निघूं लागली, आणि त्या ग्रंथालयाच्या प्रचंड सूचीचा पहिला खंड १८८० सालीं बाहेर पडला. तथापि छापील सूचीला मर्यादा होती. लेखापर्यंत जाण्याच्या वाटा दोनच: एक लेखकाच्या नांवाची, दुसरी विषयाची. अमक्या गांवच्या वैद्यांनीं अमक्या वर्षांत काय लिहिलें, असा प्रश्न विचारणाऱ्याला पानामागून पान चाळण्यावांचून गति नव्हती.

१९६० सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयानें विषयशीर्षकांचा नियत कोश प्रसिद्ध केला. १९६४ सालीं 'मेडलार्स' या योजनेनें सूचीचें काम संगणकाकडे गेलें. १९७१ सालीं 'मेडलाइन' सुरू होऊन दूरच्या ग्रंथालयांतूनही तारेनें विचारणा करतां येऊं लागली. १९९६ सालीं 'पबमेड' निघालें आणि पुढील वर्षाच्या जून महिन्यांत तें सर्वांस विनामूल्य खुलें झालें. छापील 'इंडेक्स मेडिकस' २००४ च्या अखेरीस थांबली. आज पबमेडांत साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत.

यांतील प्रत्येक नोंद तलाठ्याच्या नोंदवहीप्रमाणें रकान्यांत विभागलेली असते. शोधावयाच्या शब्दापुढें चौकोनी कंसांत दोन अक्षरांची खूण केली, कीं शोध त्या रकान्यापुरताच चालतो. लेखकासाठीं 'एयू', मथळ्यासाठीं 'टीआय', नियतकालिकासाठीं 'टीए', पत्त्यासाठीं 'एडी', विषयशीर्षकासाठीं 'एमएच' आणि प्रकाशनकालासाठीं 'डीपी', अशा या खुणा आहेत. लेखकाचें आडनांव आधीं व आद्याक्षरें मागून लिहावयाचीं. दोन्ही अटी पाळावयाच्या असतील तर मधें 'अँड', आणि दोहोंपैकीं कोणतीही चालणार असेल तर 'ऑर' हा शब्द मोठ्या रोमन अक्षरांत घालावयाचा. नियम एवढेच आहेत. परंतु ते वापरण्यास इतिहासाचें थोडें ज्ञान लागतें.

विदर्भांतीलच एक उदाहरण पाहावें. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारांत तांबड्या पेशी विळ्यासारख्या वांकड्या होतात. विदर्भांत हा विकार बराच पसरलेला आहे. या भागांतील त्याच्या अस्तित्वासंबंधींचा एक महत्त्वाचा लेख शुक्ला व सोळंकी या दोघां डॉक्टरांनीं १९५८ सालीं 'लॅन्सेट' या नियतकालिकांत प्रसिद्ध केला. आज कोणी मथळ्याच्या रकान्यांत 'महाराष्ट्र' किंवा 'विदर्भ' लिहून तो शोधूं लागला, तर त्याच्या हातीं तो येणार नाहीं. १९५६ पर्यंत नागपूर मध्यप्रदेशांत होतें, त्यानंतर तें द्विभाषिक मुंबई राज्यांत आलें. महाराष्ट्र राज्य १९६० सालीं जन्मास आलें. लेखाच्या मथळ्यांत 'सेंट्रल इंडिया' असे शब्द आहेत. पत्त्याच्या रकान्याचाही येथें उपयोग नाहीं. कारण लेखकांचे पत्ते नोंदींत घालण्याची पद्धति १९८८ पासूनची आहे. 'ॲनीमिया' हा शब्दही मथळ्यांत नाहीं, कारण तो लेख रोगाच्या बीजाविषयीं आहे. मथळ्यांत 'सिकल' व 'इंडिया' हे दोन शब्द मागून काल १९५० ते १९६५ असा बांधून दिला, तर मात्र लेख समोर येतो. शोधणाऱ्यानें आपल्या काळाचे शब्द बाजूस ठेवून लिहिणाऱ्याच्या काळाचे शब्द घ्यावे लागतात.

मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं वाढलेल्या रक्तदाबावर सर्पगंधेचा उपयोग करून त्याचे निष्कर्ष १९४९ सालीं 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्यें मांडले. १९५७ सालीं त्यांस अमेरिकेचें लास्कर पारितोषिक मिळालें. त्यांच्या मथळ्यांत वनस्पतीचें 'रावोल्फिया सर्पेंटिना' हें लॅटिन नांव आहे. 'सर्पगंधा' या शब्दानें शोधणाऱ्याला तो मथळा गांठणार नाहीं. पुढें १९९६ सालीं त्या नियतकालिकाचें नांवही बदलून नुसतें 'हार्ट' असें झालें. म्हणून नियतकालिकाच्या रकान्यांत जुनेंच नांव घालणें इष्ट होय.

अलीकडचें उदाहरण गडचिरोलीचें आहे. डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग व त्यांचे सहकारी यांनीं ३९ खेड्यांत नवजात बालकांची घरींच शुश्रूषा करण्याची योजना चालविली आणि तिची तुलना ४७ खेड्यांशीं केली. तिसऱ्या वर्षीं नवजात मृत्यूंचें प्रमाण तुलनेनें ६२ टक्क्यांनीं घटलें. हा लेख १९९९ च्या डिसेंबरांत 'लॅन्सेट'मध्यें आला. त्याच्या मथळ्यांत गडचिरोली नाहीं, 'ग्रामीण भारत' एवढेंच आहे. 'बंग' हें रोमन लिपींतील आडनांव डेन्मार्कांत व कोरियांतही असल्यामुळें आद्याक्षरांवांचून तें निरुपयोगी ठरतें. येथें मात्र पत्त्याचा रकाना कामीं येतो.

सेवाग्रामला १९६९ सालीं ग्रामीण भागासाठीं वैद्यकीय महाविद्यालय निघालें. तेथून लिहिले गेलेले लेख पत्त्याच्या रकान्यांतून काढतां येतात. मात्र रोमन लिपींत गांवाचें नांव कोणी 'व्ही'नें लिहितो, कोणी 'डब्ल्यू'नें, म्हणून दोन्ही रूपें 'ऑर'नें जोडावीं लागतात. अल्लीपुरासाठींही हीच युक्ति: दोन्ही रूपें घ्यावीं, जोडीला 'वर्धा' घालावें, आणि आडनांवाचा गोंधळ टाळण्यासाठीं शोध पत्त्यापुरता व मथळ्यापुरता बांधावा.

यांतून मिळणारा बोध शोधणाऱ्यांपेक्षां लिहिणाऱ्यांसाठीं अधिक आहे. खेड्यांत काम करणारा डॉक्टर वर्षानुवर्षें ताप, पंडुरोग, सर्पदंश यांच्या नोंदी ठेवतो आणि शेवटीं मथळ्यांत 'एका ग्रामीण भागांतील अनुभव' असें लिहून मोकळा होतो. त्या गांवांतील लोकांनीं आपलें रक्त तपासावयास दिलेलें असतें, आपलीं आजारी मुलें दाखविलेलीं असतात. त्यांच्या दुःखांतून निघालेलें ज्ञान पुढच्या डॉक्टराला सांपडावें, म्हणून गांवाचें, तालुक्याचें व जिल्ह्याचें नांव मथळ्यांत किंवा निदान गोषवाऱ्यांत एकाच ठराविक रूपांत लिहिणें हें लेखकाचें कर्तव्य आहे. सूचिकार रकाना आंखून देतो. तो भरण्याचें काम लेखकाचेंच.